मौनव्रताचा खुलासा

मौजे वडझिरी, ता. रावेर
दि. ९ ऑगस्ट १९८६

रा. रा. रतिलालभाऊ, मु. सोनगीर, यांसी
पितांबर दगडू पाटील याचा आदरपूर्वक रामराम.

आपले कार्ड काल दुपारी हाती आले. आमच्या बेबाची मुलगी व आपली नात चि. प्रमिला हिचे डोके महिन्यातून दोन-तीन वेळा एकाच बाजूने दुखते, आणि धुळ्याच्या डॉक्टरीणबाईंनी आई-वडिलांकडील घराण्यांत असा विकार कोणास आहे काय, अशी विचारणा केली आहे, हा मजकूर वाचून काळजी वाटली.

विचारणेचे उत्तर असे की, आमच्या घराण्यात हा विकार कोणासही नव्हता व नाही. माझे वडील ब्याऐंशीव्या वर्षी केळीच्या बागेत स्वतःच्या पायांनी जाऊन आले, जेवले, निजले ते उठले नाहीत. मातोश्रींना दम्याखेरीज काही नव्हते. मला स्वतःला एकाहत्तरावे चालू असून पंचांग चष्म्याविना वाचतो. बेबाच्या लग्नाच्या बैठकीत आपण हीच चौकशी केली होती. तेव्हा जे सांगितले तेच आज सांगत आहे.

आपण विचारले म्हणून मीही विचारतो, राग नसावा. आपल्या बाजूची चौकशी पूर्ण झाली आहे काय? सोनगीर हे हमरस्त्यावरील गाव. ट्रकांचा आवाज दिवसरात्र, आणि आपल्या गल्लीत तांबटांची दुकाने. तांब्याच्या हंड्यावर सकाळपासून हातोडी पडत असता मनुष्याचे डोके शाबूत कसे राहावे, हा विचार आपण केला असेलच.

चि. बेबा, जावईबापू निंबाराव व मुलीस आशीर्वाद.

आपला,
पितांबर दगडू पाटील


सोनगीर
२४ ऑगस्ट ८६

आबासाहेब, रामराम घ्या.

तुमचं पत्र मी आमच्या हिला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती म्हणाली, हे व्याही पत्र लिहितात की कोर्टात जबानी देतात?

आमची बाजू बठ्ठी पाहून झाली. जिवंत, मेलेले, मुंबईला गेलेले, सगळे. आमच्याकडे कुणाचं डोकं दुखलेलं नाही. आम्ही दुसऱ्यांची दुखवली असतील, ती गोष्ट वेगळी. आणि तांबटांवर टाकू नका. ते ठोके माझ्या आज्याच्या वेळेपासून पडताहेत, पोरीला हे लागलं मागच्या वर्षी, नववीत गेल्यापासून.

सुरू झालं की उजवं कानशील ठणकतं, उलट्या होतात, उजेड नको, बोलणं नको. गोधडी डोक्यावर घेऊन पडते. दुसऱ्या दिवशी उठते ती अशी ताजी, की कालची पोर हीच का असं वाटावं. सुंठीचा लेप झाला. डोळे तपासले, नंबर नाही. कुणी म्हणालं पहाटे सूर्य उगवायच्या आत दूध-जिलबी द्या. पंधरा दिवस दिली, त्यात पोरीपेक्षा मीच जास्त खाल्ली.

आता हसण्यावारी नेण्यासारखं नाही ते लिहितो. डॉक्टरीणबाई म्हणतात, घराण्यात असेल तर ही अर्धशिशीच, भ्यायचं कारण नाही. तसा काही आधार नसेल, तर मुंबईला नेऊन डोक्याचा फोटो काढून घेतलेला बरा. आबा, ते ऐकल्यापासून माझी झोप गेली. डोक्यात काही वाढत असलं तर? आमची ही म्हणते, "हाई बठ्ठं पुस्तकस्नं काम शे." हे सगळं पुस्तकांमुळेच, असं मलाही वाटायला लागलंय. दहावीचं वर्ष, पोर रात्री अकरा-अकरापर्यंत वाचते. म्हणून मी ठरवलं, दसऱ्यापासून शाळा बंद. बोर्डाचा फॉर्म भरायचा नाही. निंबा माझ्यासमोर बोलत नाही, बेबा रडते, पोर दोन दिवस जेवली नाही. मला काय हौस आहे? पण पोर राहिली तर परीक्षा.

तुमचा,
रतिलाल


मौजे वडझिरी
दि. ६ सप्टेंबर १९८६

रा. रा. रतिलालभाऊ यांसी रामराम.

उत्तरास विलंब झाला. प्रथम एकादशी आली व त्यानंतर माझे मौन होते. गेली शेहेचाळीस वर्षे मी वेळोवेळी मौन धरतो, हे आपणांस विदित आहे. त्या दिवशी माझ्या खोलीचे दार व खिडकी बंद असते. दिवा नाही, अन्न नाही, कोणाशी बोलणे नाही. केळीचा व्यापारीसुद्धा त्या दिवशी आमच्या बागेची कापणी लावीत नाही. दुसऱ्या दिवशी मी बाहेर येतो तेव्हा गावातील लोक नमस्कारास येतात. असो. हे प्रसंगाने लिहिले.

मुलीची शाळा बंद करण्याचा आपला विचार मला पसंत नाही. नातीवर आपला अधिकार प्रथम आहे, हे मान्य करूनच लिहितो. पुस्तकाचा या दुखण्याशी काहीएक संबंध नाही. कोणत्या आधारावर लिहितो, ते कृपया विचारू नये.

करावयाचे ते असे. डोळ्यांपुढे करवतीच्या दात्यांसारखी चकाकणारी रेघ येऊन समोरील वस्तूचा अर्धा भाग दिसेनासा होतो, त्याच क्षणी तिला निजवावे. ती रेघ हळूहळू कडेकडे सरकत अर्ध्या तासाच्या आत जाते व मग ठणका सुरू होतो. तोवर थांबल्यास उशीर झालाच म्हणून समजावे. कपाळास ओले फडके बांधावे, परंतु गाठ डाव्या बाजूस घ्यावी. दुखऱ्या बाजूस घेतल्यास रुतते. फोडणीचा वास खोलीत येऊ देऊ नये. कोणी येऊन 'आता कसे वाटते' असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर देण्याइतका त्रास दुसरा नाही.

आपला,
पितांबर दगडू पाटील


सोनगीर
१७ सप्टेंबर ८६

आबासाहेब,

तुमचं पत्र चार वेळा वाचलं. रेघेचं मी तुम्हाला लिहिलंच नव्हतं. लिहिणार कुठून, मलाच माहीत नव्हतं.

पोरीला जवळ बसवून विचारलं, बेटा, दुखायच्या आधी तुला करवतीसारखं काही दिसतं का? तिचा चेहरा उतरला. म्हणाली, "नाना, हे तुम्हाला कुणी सांगितलं? मला वाटलं मी आंधळी होतेय. म्हणून कुणाला सांगितलं नाही." आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली. वर्षभर हे पोटात ठेवून पोर शाळेत जात होती.

आता मी विचारणारच. गाठ कुठल्या बाजूला घ्यायची हे ज्याला माहीत आहे, त्यानं ती गाठ बांधलेली आहे. मी शिकलेला नसलो तरी एवढं समजतं. आबा, हेडमास्तर फॉर्मसाठी दोनदा घरी येऊन गेले. त्यांना मी दसऱ्यापर्यंत थांबवलंय. तुमच्याकडून काही लेखी आलं तर डॉक्टरीणबाईंना दाखवतो. नाही आलं, तर दप्तर माळ्यावर आणि आम्ही मुंबईला.

रतिलाल


मौजे वडझिरी
दि. ४ ऑक्टोबर १९८६

रा. रा. रतिलालभाऊ यांसी,

या पत्रापूर्वी दोन पत्रे लिहून फाडली. पहिल्यात मी असे लिहिले होते की, रेघेची माहिती मला एस. टी. त भेटलेल्या एका प्रवाशाने दिली. दुसऱ्यात तो प्रवासी वैद्य झाला. आमच्या सौ. सुनंदाबाई यांस अक्षरओळख नाही, परंतु चुलीत कागद जाताना पाहून त्यांनी एवढेच विचारले, "नातीच्या शायेपरीस तुमचं मौन मोठं हाये का?" सबब हे तिसरे पत्र खरे लिहितो.

अर्धशिशी मला आहे. वयाच्या अकराव्या वर्षापासून आहे.

माझी शाळा चौथीत सुटली ती वडिलांच्या सेवेसाठी, असे मी सर्वांस सांगत आलो. आपणांसही तेच सांगितले होते. वस्तुस्थिती वेगळी आहे. चौथी मी पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झालो. पाचवीसाठी रावेरास जावे लागे. सकाळी न जेवता निघावयाचे, दोन कोस चालावयाचे व जेवण संध्याकाळी घरी आल्यावर. पहिल्याच महिन्यात एके दिवशी फळ्यावरील अक्षरे अर्धी दिसेनाशी झाली, मग डोक्याची उजवी बाजू फुटेलसे वाटले आणि मी मास्तरांच्या जोड्यांवर ओकलो. असे तीनदा झाले. वडील म्हणाले, वाचण्याने पोराचे डोके तापते, पुस्तक बंद. त्यांचा हेतू प्रेमाचाच होता, आपलाही आहे. पुस्तक त्याच दिवशी बंद झाले, रतिलालभाऊ. डोके दुखणे मात्र साठ वर्षे चालू राहिले. पुस्तकाचा दोष नाही, याचा याहून मोठा पुरावा आपणांस कोणीही देऊ शकणार नाही.

आता मौनाविषयी. सन १९४० मध्ये, मी पंचवीस वर्षांचा असता, बांधाच्या एका तंट्यासाठी चार माणसे दाराशी आली. मी आत अंधारात तोंडावर उपरणे घेऊन पडलो होतो. गावात नुकते कोठे माझे नाव होऊ लागले होते. तरणा मनुष्य डोके दुखते म्हणून निजला आहे, हे सांगण्याची मातोश्रींना लाज वाटली. त्या म्हणाल्या, "त्याचं आज मौन हाये." माणसे उंबऱ्यास हात लावून परत गेली. दुसऱ्या दिवशी डोके उतरले, मन स्वच्छ झाले, व मी दिलेला निर्णय दोन्ही पक्षांस पटला. तेव्हापासून माझ्या मौनास मान मिळू लागला. निर्जळ एकादशीच्या दुसऱ्या दिवशी ते हमखास येई. लोक त्यास एकादशीचे तेज समजत. मी कोणाची समजूत दुरुस्त केली नाही. बेबासही हे ठाऊक नाही. तिच्या लहानपणी ती दाराबाहेर हात जोडून बसत असे, आणि मी आत तांब्यात ओकत असे.

हे पत्र डॉक्टरीणबाईंस दाखवून उलटटपाली परत करावे, ही विनंती.

पितांबर दगडू पाटील


सोनगीर
२६ ऑक्टोबर ८६

आबा,

पत्र परत मिळायचं नाही. बाईंनी ते दोनदा वाचलं. मास्तरांच्या जोड्यांपाशी हसल्या, बेबा दाराबाहेर बसते तिथं चष्मा काढून पुसला, आणि टाचणी लावून पोरीच्या केसपेपराला जोडून टाकलं. म्हणाल्या, हे दवाखान्याच्या कामाचं आहे.

पोरीचे डोळे बॅटरीनं पुन्हा पाहिले, हातापायाची ताकद पाहिली, गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली. निकाल: अर्धशिशीच. आता मुंबई नको. फॉर्म भरला, हेडमास्तरांना पेढा दिला, तेही म्हणाले की पास व्हायच्या आधी पेढा खाणारा मी पहिलाच.

बाईंनी मला अर्धा तास समोर बसवून समजावलं. पुस्तकानं डोकं दुखत नाही. पुस्तकासाठी पोर जे जे सोडते, त्यानं दुखतं. सकाळी न खाता क्लासला, रात्री जागरण, आणि रविवारी दहापर्यंत झोप. या डोक्याला कमी झोपही चालत नाही नि जास्तही. खाणं, पाणी, झोप, सगळं रोज एका वेळी, रविवारसुद्धा. उन्हात डोक्यावर ओढणी. रेघ दिसली की लगेच ठणक्याची गोळी आणि एक उलटीची. पण आठवड्यात दोन दिवसांपेक्षा जास्त गोळी नाही, नाहीतर गोळ्यांनीच डोकं धरतं म्हणे. एक वही घालायची, केव्हा दुखलं, आधी काय खाल्लं, किती झोपली. आणि कधी एकदम, आजवर कधी झालं नाही असं जोरात दुखलं, तापाबरोबर मान आखडली, बोलणं अडखळलं, हात किंवा पाय लुळा पडला, तर वही-बिही ठेवून सरळ दवाखाना. जिलबीचं विचारलं, तर म्हणाल्या, उपाशी पोटात पहाटे काहीतरी जातं, एवढाच तिचा गुण असेल.

मग चष्म्यावरून माझ्याकडं पाहून विचारलं, "तुमच्याकडे नक्की कुणी नव्हतं?" आणि आबा, मला आमची भिकुआत्या आठवली. दर महिन्याला कपाळाला फडकं बांधून धान्याच्या कोठीत जाऊन बसायची. आम्ही म्हणायचो, रुसली. मरेपर्यंत तिचं नाव घरात रुसकी भिकू. तुमचं ते मौन ठरलं, तिचा तो रुसवा ठरला. मी त्या दिवशी घरी येऊन तिच्या फोटोला हार घातला. दुसरं काय करणार?

बाईंनी तुम्हालाही बोलावलंय. या वयात रेघा दिसतात तर रक्तदाब पाहायला हवा, असा निरोप आहे. मौनाच्या दिवशी येऊ नका, म्हणजे बोलता येईल.

रतिलाल


मौजे वडझिरी
दि. १८ जानेवारी १९८७

रा. रा. रतिलालभाऊ यांसी रामराम.

मार्गशीर्षात धुळ्यास येऊन गेल्याचे आपणांस कळले असेलच. आपल्याकडे उतरलो नाही याचे कारण, तोंड दाखवण्याचा धीर झाला नाही. रक्तदाब किंचित चढा निघाला. त्याची गोळी चालू आहे. बाईंच्या आज्ञेप्रमाणे वही ठेवली. एकूण चार वेळा दुखले, पैकी तीन वेळा निर्जळ एकादशीनंतर. हे साठ वर्षांत माझ्या ध्यानी येऊ नये, आणि एका वहीने पाच आठवड्यांत सांगावे! आता एकादशीस केळी व दूध वेळेवर घेतो. घरच्या बागेत केळी असता मी तोंड बांधून बसत होतो, याचे सौ. सुनंदाबाईंस अद्याप हसू येते.

मुख्य मजकूर पुढे आहे. आपण भिकुबाईंविषयी लिहिलेले मनातून जाईना. एकाच दुखण्याचा मला नमस्कार मिळाला व त्यांना टोमणे. सबब संक्रांतीस तिळगुळासाठी लोक पारावर जमले असता मी उभा राहिलो व सांगितले की, माझे मौन हे व्रत नसून अर्धशिशी आहे.

जीवराम, ज्याचा बांध आमच्या बागेस लागून आहे, तो म्हणाला, "काय सांगू राहिले आबा? मंग मी इतके वर्स कोनाच्या पाया पडलो?"

मी म्हटले, "माझ्या डोकेदुखीच्या, जीवराम."

त्यावर तो म्हणाला, "पन मले गुन आला होता ना."

लोक हसले. मला मात्र ते हसणे लागले व मी घरी येऊन दोन दिवस बाहेर पडलो नाही. माझा असा समज झाला की गावातील माझी जागा गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी धुरपदाबाई आल्या. या आमच्या शेजारच्या आळीतील विधवा, वय पन्नाशीचे. माझ्यासमोर कधी उंबऱ्याच्या आत आलेल्या नाहीत. त्या आत येऊन बसल्या व खालच्या आवाजात विचारू लागल्या, ती रेघ डोळा मिटल्यावरही दिसते काय? मी म्हटले, दिसते. तेव्हा त्यांनी मोठा श्वास सोडला. त्यांच्या सासरी त्यांना यासाठी अंगारे-धुपारे करून झाले होते. मी त्यांना वही दाखवली, तशीच एक त्यांच्या नातवाकडून लिहून घेण्यास सांगितले आणि धुळ्याचा पत्ता दिला. औषध मात्र सांगितले नाही. तो अधिकार माझा नाही.

संध्याकाळी जीवराम आला. म्हणाला, पाण्याच्या पाळीवरून तंटा झाला आहे, आबांनी यावे. मौन नसले तरी चालेल. मी गेलो.

पितांबर दगडू पाटील


सोनगीर
२९ मार्च १९८७

ती. आबांना प्रमिलाचा नमस्कार.

पेपर संपले. नाना म्हणाले, पहिलं पत्र आबांना लिही.

भूमितीच्या पेपरला सुरुवातीची घंटा व्हायच्या आधी दहा मिनिटं डाव्या कोपऱ्यात रेघ आली. मागच्या वर्षी आली असती तर मी रडत घरी गेले असते. मी लगेच दोन्ही गोळ्या घेतल्या, वर चार बिस्किटं खाल्ली आणि वर्गावरच्या बाईंना सांगितलं की मला अर्धशिशी आहे, वीस मिनिटं डोकं बाकावर ठेवते. त्यांनी खिडकी लावून घेतली. डोकं वर केलं तेव्हा त्रिकोणाची एक बाजू दिसत नव्हती. ती मला पाठ होती म्हणून काढली. मग रेघ गेली. ठणका आला, पण लांबून आल्यासारखा. एक प्रश्न राहिला. बाकी सगळे सोडवले.

नानांनी गल्लीतल्या तांबटांना सांगून माझ्या अभ्यासाच्या दिवसांत दुपारचे ठोके बंद ठेवले होते. ते म्हणाले, तेवढ्या वेळात आम्ही भांडी चिंचेनं उजळू. आजी मात्र सुंठीचा लेप वाटीत घेऊन रोज शाळेच्या फाटकाशी उभी असायची. मैत्रिणी हसायच्या.

नानांनी मला तुमचं ते मोठं पत्र वाचून दाखवलं होतं, डॉक्टरीणबाईंना द्यायच्या आधी. तुम्ही रागावू नका. मला एक विचारायचं आहे. तुमची पाचवी सुटली नसती, तर तुम्ही कोण झाला असता?

तुमची,
प्रमिला


मौजे वडझिरी
दि. ८ एप्रिल १९८७

चि. प्रमिला हीस पितांबर आबाचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र वाचून मी व तुझी आजी दोघांनाही समाधान झाले. एक प्रश्न राहिला त्याची चिंता करू नये. अर्धा त्रिकोण न दिसता पुरा काढणारी मुलगी आमच्या घरात दुसरी झालेली नाही.

तुझ्या प्रश्नास, 'असा विचार मी कधी केला नाही' असे उत्तर प्रथम लिहिले होते. ते कार्ड फाडले, कारण ते खरे नव्हते.

चौथीच्या वर्गात भिंतीवर आपल्या जिल्ह्याचा नकाशा होता. मास्तरांजवळ एक लांब वेताची काठी असे. ती ते कोणास मारण्यास वापरीत नसत; ज्यास धडा येई त्याच्या हाती देत व तो नकाशापुढे उभा राहून नद्या दाखवी. ती काठी बहुतेक माझ्याच हाती असे. तापी, गिरणा, पांझरा, बोरी, वाघूर. मागे चाळीस मुले माझ्यामागून नावे म्हणत. मला ती काठी हवी होती, बेटा. जन्मभर हवी होती. मी मास्तर झालो असतो.

आमच्या वेळी चौथीस फक्त जिल्हा होता. नर्मदा कोठे उगम पावते, गोदावरी कोणत्या गावांवरून जाते, हे सर्व पाचवीस होते. रावेरच्या शाळेत तो मोठा नकाशा मी तीन आठवडे लांबून पाहिला. त्याच्यापुढे उभे राहण्याची माझी पाळी येण्यापूर्वी दुखणे आले.

उन्हाळ्याच्या सुट्टीत तू इकडे येशील तेव्हा तुझे भूगोलाचे पुस्तक व नकाशा बरोबर आणावा. एका वेळी अर्ध्या तासाहून अधिक बसणार नाही, व न जेवता तर मुळीच नाही. तू विचारावेस, मी दाखवीन. चुकल्यास स्पष्ट सांगावे, माझे वय पाहू नये.

तुझा,
आबा